द्राक्षाची पानं निळी असतात का?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकजवळ दिंडोरी रस्त्याला, रामशेज किल्ल्याच्या अलीकडच्या एका गावात जिल्हा परिषद शाळेवर आहे. चौथीचा वर्ग, एकतीस मुलं. निम्म्यांच्या घरची द्राक्षबाग आहे, उरलेल्यांचे आईवडील बागांवर कामाला जातात. शनिवारी शेवटची तासिका चित्रकलेची. मी फळ्यावर चित्र काढते आणि मुलं ते उतरवतात. “हवं ते काढा” म्हटलं की एकतीस वह्यांत एकच चित्र: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, निळी नदी, झोपडी आणि नारळाचं झाड. वेगळं काही सांगितलं तर “बाई, काढून द्या ना” सुरू होतं. मला स्वतःला चित्रकला येत नाही.

मागच्या महिन्यात बागेचं चित्र काढायला सांगितलं. एका मुलीने द्राक्षाची पानं निळी रंगवली. मी म्हटलं, “अगं, पानं हिरवी असतात ना?” वर्ग हसला. तिने मेणखडू खोडायचा प्रयत्न केला, कागद फाटला. पुढचे दोन शनिवार तिने डोंगर आणि सूर्यच काढला. ते माझ्या मनातून जात नाही.

पालक म्हणतात, चित्रं काय काढत बसता, पुढे शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. मुख्याध्यापकांना भिंतीवर नीटनेटकी चित्रं हवीत. रंगांसाठी पैसे नाहीत. तरी मुलांनी आपल्या डोक्याने काही काढावं असं फार वाटतं. सुरुवात कुठून करू?

— चौथीच्या बाई

उत्तर

बाई,

आधी त्या निळ्या पानांचं बोलू. तुमची विद्यार्थिनी चुकली नव्हती.

पावसाळ्यात, ऑक्टोबरच्या छाटणीआधी, बागांवर बोर्डो मारतात. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून केलेलं ते मिश्रण बुरशीपासून वेलीला वाचवतं. फवारा वाळला की पानावर निळसर पांढरा थर धरतो. चार दिवस पावसाने उघडीप दिली तर अख्खी ओळ लांबून निळी दिसते. शाळेत येता-जाता तुम्हीही त्या ओळी ओलांडत असाल. पण पान म्हटलं की हिरवं, हे तुमच्या-माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की समोरचं निळं दिसतच नाही. तिला दिसलं. कदाचित तिच्या वडिलांच्या शर्टावर, हातांवर, फवारणीच्या पंपावरही तिने तोच निळा पाहिला असेल. एकतीस मुलांमध्ये त्या दिवशी बाग खरोखर पाहून काढणारी ती होती, आणि नेमकी तीच गप्प झाली.

तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. जुन्या नाशकातल्या एका शाळेत मी स्वतः आठ वर्षं फळ्यावर नमुना काढून दिला. माझा हात चांगला होता, त्यामुळे मुलांचं नुकसान जास्त झालं. त्यांना वाटायचं, चित्र म्हणजे बाईंचं चित्र, आणि आपल्याला ते कधी जमणार नाही. वर्षाअखेरीस चाळीस कागद एकावर एक ठेवले की एकाच कागदाच्या झेरॉक्स वाटायच्या. नमुना देणं बंद करायला मला आठ वर्षं लागली. तुम्हाला हा प्रश्न इतक्या लवकर पडला, याचं मला फार बरं वाटतं. चित्रकला येत नाही म्हणून वाईटही वाटून घेऊ नका. या कामात ते तुमच्या बाजूचं आहे, नमुना काढून द्यायचा मोह सोडणं तुम्हाला सोपं जाईल.

आता ते डोंगर. येत्या शनिवारी कागद-खडू काहीही न घेता मुलांना ओट्यावर नाहीतर मैदानात न्या आणि रामशेजकडे तोंड करून उभं करा. हात लांब करून, एक डोळा मिटून, बोटाने हवेत डोंगराची कड गिरवायला सांगा. बोट आधी तिरकं चढेल, मग कातळकड्यापाशी जवळजवळ सरळ उभं जाईल, आणि माथ्यावर आडवं धावायला लागेल. टोक कुठेच येणार नाही. आपल्या सह्याद्रीतले बहुतेक डोंगर असे आहेत, कारण ते लाव्हाच्या आडव्या थरांवर थर बसून झाले आणि मग पाण्या-पावसाने कातले गेले. अंजनेरी सपाट, ब्रह्मगिरी सपाट. पांडवलेण्यांचा डोंगर तेवढा लांबून त्रिकोणासारखा दिसतो, त्या अंगाला राहणारं मूल त्रिकोण काढेल तर काढू दे, त्याचं बरोबर आहे.

चौथीला मुलं शिवरायांचा इतिहास शिकतात. त्यांना एवढंच विचारा, “तुमच्या वहीतल्या त्रिकोणी डोंगरावर किल्ला बांधायचा तर वाडा कुठे ठेवाल, टाकं कुठे खोदाल?” मुलं विचारात पडतील. मग रामशेज दाखवा. वर माणसं, दाणागोटा, पाण्याची टाकी मावतील एवढी सपाटी आणि भोवती कुणाला सहज चढता येणार नाही असा कडा. १६८२ साली मुघलांनी रामशेजला वेढा घातला आणि किल्ला पाच वर्षांहून जास्त झुंजला. हा भाग संभाजीराजांच्या काळातला, मुलांच्या पुस्तकाच्या पुढचा, पण रोज डोळ्यांसमोर असलेल्या डोंगराची ही गोष्ट ऐकल्यावर कुणी त्याला पुन्हा त्रिकोण काढेल असं मला वाटत नाही. चित्रकला, भूगोल आणि इतिहास एकाच बोटाने गिरवून झाले, पैसा लागला नाही. वर्गात परत आल्यावर पाठकोऱ्या कागदावर फक्त ती कड काढू द्या. एक रेघ, बस. रंग, झाड, झोपडी काही नको.

“हवं ते काढा” हे वाक्य मात्र वर्गातून हद्दपार करा. ऐकायला ते मोकळीक दिल्यासारखं वाटतं, पण मुलाला त्यात धरायला काही नसतं, म्हणून ते पाठ असलेलं काढतं. मोठ्या माणसाला अचानक “गाणं म्हण” म्हटल्यावर जे होतं तेच. विषय जितका लहान आणि जवळचा, तितकी चित्रं वेगळी होतात. आज शाळेत येताना पायाखाली काय-काय आलं? तुमच्या घराचं दार उघडल्यावर आत पहिलं काय दिसतं? आजी झोपते तेव्हा तिचे हात कुठे असतात? असं विचारलं की एकतीस घरांची एकतीस उत्तरं येतात, आणि ती पाठ करून आणता येत नाहीत. कधी बंधन रंगांचं घाला: आज दोनच खडू, कुठले दोन ते तुम्ही निवडा. निवडायला लागलं की मूल विचार करायला लागतं. आपण ज्याला कल्पकता म्हणतो ती माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा अशाच लहानशा निवडीतून सुरू झाली आहे.

आणि “बाई, काढून द्या ना”? काढून द्यायचं नाही, पण “तुझं तू काढ” म्हणून पाठही फिरवायची नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा शेळी काढायची म्हणून रडकुंडीला आला होता. मी त्याला म्हटलं, तुमची शेळी बसते कशी ते करून दाखव. तो फरशीवर बसला. आधी पुढचे गुडघे टेकवले, मग मागचं अंग खाली घेतलं, मग पाय पोटाखाली दुमडले. “आता मान कुठे?” त्याने मान वळवून पाठीवर टेकवली. “कान?” त्याने दोन्ही हात डोक्यापासून खाली लोंबकळत सोडले. तसाच उठला आणि कागदाकडे गेला. ती शेळी बटाट्यासारखी दिसत होती, पण पाय पोटाखाली होते आणि कान लोंबत होते, आणि ती त्याचीच शेळी आहे याबद्दल वर्गात कुणाला शंका नव्हती. अंगाने करून पाहिलेलं हात काढू शकतो. तुम्हाला रेघ ओढायची गरजच पडत नाही, नुसतं विचारत राहायचं.

रंगांविषयी सांगायचं तर मला माझ्या वर्गातला एक पावसाळा आठवतो. गोदेला मोठा पूर आला होता. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती म्हणजे नाशिककरांची पूर मोजायची काठीच. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी बातमी घराघरांत फिरत होती. शाळा दोन दिवस बंद राहिली. तिसऱ्या दिवशी मुलं आली ती पुराबद्दलच बोलत आली. मी शिकवायचं बाजूला ठेवलं आणि पूर काढायला सांगितला. सगळ्यांनी निळा खडू उचलला.

मी विचारलं, “पाणी निळं होतं?”

वर्ग शांत झाला. मग एक जण म्हणाला, “नाही बाई, चहासारखं होतं.” दुसरी म्हणाली, “चहा नाही, मुरमासारखं.” तिसरा म्हणाला, सकाळी वेगळं होतं आणि संध्याकाळी जास्त काळपट झालं. भांडण जुंपलं. पेटीत त्या रंगाचा खडू नव्हता आणि असता तरी तो एकच असता. मी पोस्टर कलरच्या चार बाटल्या काढल्या, लाल, पिवळा, निळा आणि पांढरा, आणि करवंट्या वाटल्या. काळा मुद्दाम दिला नाही. लाल आणि पिवळा मिसळून केशरी झाला, त्यात निळ्याचा एक थेंब पडला आणि केशरी एकदम मातकट झाला, तेव्हा एका बाकावरून आरोळी आली, “झाला, झाला, गढूळ झाला!” पुढचा पाऊण तास कुणी मधल्या सुट्टीचं नाव काढलं नाही. पांढरा जास्त पडला की दुधाचा चहा, निळा जास्त पडला की डबक्यातलं पाणी. एका मुलीने पाच ठिकाणी पाच वेगळे गढूळ लावले. कारण विचारलं तर म्हणाली, मधे धार आहे, काठाला फेस आहे, आणि हे आमच्या गल्लीत शिरलेलं पाणी आहे, ते जुनं झालंय. “जुनं झालेलं पाणी” हा शब्द तिने त्या दिवशी स्वतः तयार केला. निबंधाच्या वहीत तो कधी आला नसता.

जुन्या नाशकातल्या मुलांना रंगांचं हे भान थोडं घरातूनच असतं. रंगपंचमीला पेशवेकाळापासूनच्या रहाडी उघडतात, वर्षभर रस्त्याखाली झाकून ठेवलेले ते हौद रंगाने भरतात, आणि प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. धप्पा, म्हणजे हौदात उडी, मारून कोण कुठल्या रहाडीतून आलं ते त्याच्या कपड्यांवरून कळतं. तुमच्या मुलांकडे रहाड नाही, पण बागेतला बोर्डोचा निळा आहे, पिकल्या पानाचा तांबडा आहे, मनुक्यांचा तपकिरी आहे. हे रंग दुकानातल्या पेटीत मिळत नाहीत. मिसळून करावे लागतात, आणि ते करतानाच मूल बघायला शिकतं.

पैशांचं म्हणाल तर वर सांगितलेल्या चार बाटल्या एवढीच खरेदी पुष्कळ दिवस पुरते. लाल घेताना किरमिजीकडे झुकणारा घ्या. केशरीकडे झुकणाऱ्या लालात निळा घातला की जांभळा होतच नाही, चिखल होतो, आणि मुलांना वाटतं आपलंच चुकलं. तेवढंही जमत नसेल तर माती आहे. शेतातली काळी, वाटेवरची मुरमाची तांबूस, कुंभाराकडची पिवळट अशी जमेल तेवढी माती मुलांनाच आणू द्या. वाळवून, कुटून, जुन्या सुती ओढणीतून गाळून घ्यायची आणि बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून त्याच्या पाण्यात कालवायची. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला लागतो, मग पुढच्या वेळी जास्त घालायचा, हा हिशोब मुलंच लावतात. पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात कांद्याची टरफलं रोज निघतात. ती अर्धा तास उकळली की सोनेरी तांबूस पाणी मिळतं, कागदावर फार सुरेख चढतं. उकळायचं काम मावशींनी किंवा तुम्ही करायचं, मुलांनी नाही.

हळदीचा एक खेळ नक्की करा. हळदीच्या पाण्याने कागद पिवळा करून वाळवा, आणि मग काडीने साबणाच्या किंवा चुन्याच्या निवळीने त्यावर लिहायला सांगा. अक्षरं लाल उमटतात. हळदीपासून कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर चालते, आणि हे ऐकल्यावर मुलं आजीला विचारायला घरी पळतात. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून ते कागद खिडकीत लावू नका. बागेतलं बोर्डो किंवा मोरचूद मात्र कुणी रंग म्हणून आणलं तर तिथल्या तिथे थांबवा. ते विषारी आहे, हे वर्गात आधीच सांगून ठेवा. चुन्याची निवळी वापराल तेव्हाही डोळ्यांची काळजी घ्या, म्हणून मी साबणच पसंत करते.

एकतीस मुलं आणि ओले रंग म्हटल्यावर पोटात गोळा येईल, तो मलाही यायचा. अर्ध्या वर्गाला रंग आणि अर्ध्याला पेन्सिल अशी वाटणी करा, पुढच्या शनिवारी उलट. पाणी बसक्या वाटीत ठेवा, ग्लासात नको.

आता सगळ्यांत अवघड भाग, मुलाच्या चित्रासमोर उभं राहून काय बोलायचं. “हे काय काढलंस?” असं विचारलं की मुलाला कळतं, बाईंना ओळखू आलं नाही. “छान” म्हटलं की ते पुढच्या वेळी तेच काढतं. मी बरीच वर्षं एकच वाक्य वापरलं, “मला सांग ना याच्याबद्दल.” मग मूल बोलतं, आणि त्याचं वाक्य मी त्याच्याच शब्दांत, बोलीत काहीही दुरुस्त न करता, चित्राखाली बारीक अक्षरात लिहायची. परवानगी विचारून. तुमच्याकडचं मूल म्हणेल, “आमचे अण्णा बागंत जातेत तव्हा मी डबा नेते.” तसंच लिहा. चौथीची मुलं मग हळूहळू स्वतः लिहायला लागतात. निबंधाला दोन ओळींत आटपणारी मुलं स्वतःच्या चित्राखाली आठ-आठ ओळी लिहिताना मी पाहिली आहेत. घर आरपार दिसेल असं कुणी काढेल, भिंतही आणि आत जेवणारी माणसंही. कुणी स्वतःला आंब्याच्या झाडाएवढं काढेल. दुरुस्त करू नका. त्या वयात मूल दिसतं तेवढंच काढत नाही, माहीत असतं आणि महत्त्वाचं वाटतं तेही काढतं.

एखादं मूल सगळं काळ्यानेच रंगवत असेल तर लगेच मनावर घेऊ नका. आधी त्याच्या पेटीत काय उरलंय ते बघा, पुष्कळदा भावंडांत वाटून झाल्यावर काळाच राहिलेला असतो. चित्राबरोबर वागणंही बदललं असेल, मूल गप्प झालं असेल, जेवत नसेल, तर मग घरी जाऊन बोला. आणि एखादा मुलगा सतत पानं तपकिरी, माती हिरवी रंगवत असेल तर त्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नसण्याची शक्यता धरा. हे जन्मजात असतं, मुलींपेक्षा मुलांत बरंच जास्त आढळतं, आणि घरच्यांना अनेकदा पत्ताच नसतो. त्याच्या खडूंवर रंगाचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवा आणि शाळेतल्या आरोग्य तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगा. वर्गासमोर विचारू नका.

मुख्याध्यापकांना नीटनेटकी भिंत हवी आहे, तर ती द्या. चित्रं वेडीवाकडी असली तरी मांडणी नीट करता येते. सगळे कागद एका मापाचे कापा, सुतळी सरळ ओढा, चिमटे एका ओळीत लावा आणि एकतीसच्या एकतीस चित्रं लावा. निवडक पाच लावलीत की उरलेली सव्वीस मुलं त्या पाचांची नक्कल करायला लागतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यात इतर विषय कलेच्या आधाराने शिकवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, तेवढी ओळ त्यांना दाखवा. शिवाय वर्णनात्मक नोंदींच्या रकान्यात आपण सगळेच वर्षानुवर्षं “चित्र आवडीने रंगवतो” लिहीत आलोय. त्याऐवजी “पुराच्या पाण्याचे पाच रंग स्वतः मिसळून केले व प्रत्येकाचं कारण सांगितलं” अशी नोंद असेल, तर कुठल्याही तपासणीत ती वाचणारा थांबेल.

पालकांना मी कधी सांगितलं नाही की चित्रं काढल्याने गणितात गुण वाढतात, तुम्हीही सांगू नका. पालकसभा त्या सुतळीखाली भरवा आणि आधी काही न बोलता त्यांना आपापल्या मुलाचं चित्र आणि त्याखालचं वाक्य वाचू द्या. वाचता येत नसेल त्यांना मुलानेच वाचून दाखवावं. “मी डबा नेते” हे वाचल्यावर शिष्यवृत्तीचा विषय जरा वेळाने निघतो, आणि वेगळ्या सुरात निघतो. कुणी फारच आग्रहाने विचारलं तर सांगा, पुढे चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षेत स्मरणचित्राचा विषय असतो, म्हणजे पाहिलेलं आठवून काढणं. क्लासमध्ये मुलं तयार स्मरणचित्रं घोटून पाठ करतात, बाजार, बसस्टॉप, पतंग उडवणारी मुलं. त्या विषयाचं नावच सांगतं की ते स्मरण मुलाचं स्वतःचं हवं. ही घोकंपट्टी वर्षानुवर्षं बघताना मला फार वाईट वाटत आलंय.

वारलीबद्दलही एक शब्द, कारण भिंत रंगवायची म्हटलं की आपल्या जिल्ह्यातल्या शाळा हमखास वारली काढतात. त्यातले त्रिकोण आणि काड्यांची माणसं मुलांकडून ठशासारखी उतरवून घेतलीत तर तो डोंगर-सूर्याचाच दुसरा अवतार होईल. लग्नघरात सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने काढायचा चौक ही त्या चित्रांची मूळ जागा. जिव्या सोमा मशे, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी ती जागा ओलांडून रोजचं जगणं काढलं, मासेमारीचं जाळं, मुंग्या, झाडं. मुलांना त्यांची चित्रं दाखवा आणि पांढऱ्या एकाच रंगात तुमच्या गावातली खुडणी काढायला सांगा. घेतलंच तर त्यांच्याकडून त्यांचं बघणं घ्यायचं.

अजून एक गोष्ट सोपी आहे म्हणून सांगते. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट करण्याआधी कुंडीत वाटाणा लावला आणि रोज कॅमेऱ्याने टिपत त्याचं रोप होताना पडद्यावर दाखवलं. तुम्ही वर्गात मटकी भिजवा. एका गटाने रोज सकाळी त्याच मापाच्या लहान चिठोऱ्यावर तोच एक दाणा काढायचा. दहा दिवसांनी चिठोरे एकावर एक रचून कडेला शिवा आणि अंगठ्याने भरभर सोडा. मोड हलताना पाहिल्यावर मुलं काय करतात ते मला नक्की कळवा.

राहिली ती मुलगी. तिला एकटीला बाजूला घेऊन “छान होतं हं तुझं चित्र” म्हणून हा विषय संपणार नाही, कारण हसला तो वर्ग होता. बोर्डो कधी मारणार आहेत ते कुणा पालकाला विचारा. फवारा वाळला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर्गाला बागेच्या बांधापर्यंत न्या, पानांना हात लावू देऊ नका, रस्त्यावरूनच दाखवा. आणि सगळ्यांसमोर तिला म्हणा, “त्या दिवशी मी तुला विचारायला हवं होतं. तू पाहिलं होतंस, मी पाहिलं नव्हतं.” मग वर्गात येऊन निळा, पांढरा आणि किंचित हिरवा तिच्या बाकावर ठेवा, आणि तो रंग कसा करायचा ते तिलाच बाकीच्यांना सांगू द्या. पहिल्या दिवशी बोलली नाही तर रेटू नका. शेजारची मुलगी विचारेलच, “निळा आधी घालू का पांढरा?”

तुमची,
ताई